पहाऱ्यातून सूट

दादरच्या जर्मनच्या क्लासमध्ये सम्यकने विचारलं, "मॅडम, गेफ्रायटर म्हणजे?"

मी सांगितलं, जर्मन सैन्यातला अगदी खालचा हुद्दा. मूळ अर्थ 'मोकळा केलेला'. जुन्या, भरवशाच्या शिपायाला पहाऱ्यातून सूट मिळायची, तेच पुढे हुद्द्याचं नाव झालं. सांगता सांगता मला बाबाच आठवले.

बाबा परळच्या एका गिरणीत वॉचमन होते. गिरणी गेली, बीडीडी चाळ गेली, आम्ही टॉवरमध्ये आलो. तरी दाराबाहेर स्टूल टाकून बसणं काही सुटेना. जेवणसुद्धा तिथेच. पाय सुजून टम्म झालेले. डॉक्टर म्हणाले, आता झोपले नाहीत तर हृदयावर येईल. मी रडले, भांडले, स्टूल लपवलं. तर ते उभे राहिले!

त्या दुपारी घरी आल्या आल्या मी त्यांना कडक सलाम ठोकला. "बाबा, आजपासून तुम्ही गेफ्रायटर. पहारा माफ!" अर्थही सांगितला.

ते हसले नाहीत. "बदली इल्याशिवाय गेट सोडूचा नाय, मनू."

गिरणीत तसाच रिवाज होता. बदलीवाला येऊन जागेवर बसेपर्यंत पहिल्याने हलायचं नाही. माझं डोकंच फिरलं.

"मी आले ना बदली! झालं? उठा आता!"

बाबा उठले. मी तावातावाने स्टुलावर बसले.

भिंतीचा आधारही न घेता ते आत गेले आणि टेबलाच्या बाकावर बसले. माझा विश्वासच बसेना.

"मनू, सोलकढी दे गो!"

देवा, किती वर्षांनी घरातून ही हाक आली! मी धावलेच. वाटी भरून दिली. त्यांनी घोट घेतला, मिशी पुसली आणि एकदम थांबले.

"स्टुलार कोण बसलो हा?"

"कोणी नाही. आता कशाला कोण हवं?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते.

"मगे तुझ्या पाठसून भितर कोण इलो?"

मी झटकन वळून पाहिलं. दार उघडं. पॅसेजमध्ये कोणी नाही.

पुन्हा टेबलाकडे वळले. बाबा अंग चोरून बाकाच्या टोकाला सरकले होते.

"आणखी एक वाटी भर," ते हळूच म्हणाले.