लहान जिवांचा जोड

राजघाटावरच्या धर्मशाळेच्या ओट्यावर दर रविवारी दुपारी गंजिफांचा डाव बसायचा आणि सुधाकर मास्तर हात टिपायला बसायचे. ते शाळेत गणित शिकवायचे. दुसऱ्या कुणी टिपलं तर त्यांना चैन पडत नसे. कुणी कोणतं पान टाकलं, हात कुणी नेला, सगळं एका वहीत, पेन्सिलीनं, तारखेसकट.

इथला खेळ सोपा होता. ज्याचा त्याचा चोवीस गोल पानांचा जोड, घरून आणलेला. दोघांनी एकेक पान टाकायचं. भारी पान हात नेणार. डाव जिंकणारा हरलेल्याच्या जोडातलं एक पान निवडून घेई, आणि ते पान कायमचं गेलं. गावातले बहुतेक जोड देवराम चिताऱ्यानं रंगवलेले होते. हत्ती, घोडे, तलवारी. एकेका जोडाला दोन-दोन महिने लागलेले. श्रावणात देवराम तापानं गेला आणि गेलेल्या पानाच्या जागी नवं मिळायची सोय संपली.

त्यातच गजाननराव बुऱ्हाणपूरला आले. एका लहानशा संस्थानात ते दरबारचे खेळाडू होते. आदल्या वर्षी संस्थान विलीन झालं, दरबार उठला, आणि त्यांच्याजवळ एक हस्तिदंती जोड तेवढा राहिला. साठीचा माणूस, बोलणं मऊ, खेळ निर्दय. तीन महिन्यांत त्यांनी गावातल्या सतरा जणांना हरवलं आणि प्रत्येकाचं सर्वांत देखणं पान उचललं. मास्तरांचं सहा घोड्यांचं पानही गेलं. आता गुरुवारी ते खंडव्याच्या गाडीनं पुढे जाणार होते, सतरा पानं घेऊन.

पौषातल्या त्या शेवटच्या रविवारी भागाबाई ओट्याशी आली. देवरामची बायको. आयुष्यभर तिनं नवऱ्याच्या पानांना लाख चढवली होती, पण ओट्यावर बाई खेळायला बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"त्यायच्या हातची सतरा पानं तुमच्याजवळ हायेत," ती गजाननरावांना म्हणाली. "मी जिंकली तर सगळी परत द्या. हारली तर हा जोड पूरा तुमचा."

तिनं पदरातून पानं काढून चादरीवर पसरली. देवरामनं शेवटी रंगवलेला जोड होता तो, कुणी न सांगता रंगवलेला. मुंग्या, बेडूक, पाली, वटवाघळं. चार जीव, प्रत्येकाची सहा पानं, एकापासून सहापर्यंत.

दगा शिंपी मोठ्यानं हसला. "वहिनी, हत्तीसमोर बेडूक?"

गजाननराव हसले नाहीत. त्यांनी एक पान उचलून उन्हाकडे धरलं आणि बराच वेळ पाहिलं. "फार मोठा हात होता तुमच्या यजमानांचा," ते म्हणाले. "बसा, बाई."

लहान जिवांचा कायदा जुन्या लोकांना माहीत होता, पण त्या जोडानं कुणी खेळत नसे. त्यात आकडे उलटे चालतात. सहा मुंग्या सर्वांत हलक्या, एकटी मुंगी सर्वांत भारी. दरबारी जोडातल्या राजावर तर फक्त एकटा जीवच चालतो.

"बरोबरी झाली तर?" मास्तरांनी विचारलं.

"पानं ज्याच्याजवळ आहेत, त्याच्याजवळच," गजाननराव म्हणाले.

म्हणजे भागाबाईला तेरा हात हवे होते.

तिनं पानं मांडीवर पालथी ठेवली आणि एकदाही उलटून पाहिली नाहीत. गजाननरावांनी पाच हत्ती टाकले. तिनं न बघता बोटं फिरवली, एक पान ओढलं. सहा बेडूक. हात गेला. मग सहा पाली गेल्या. सहा मुंग्या गेल्या. एकामागून एक अकरा हात गजाननरावांनी नेले. माणसं चुळबुळू लागली. दगानं विडी पेटवली आणि नदीकडे तोंड केलं.

मास्तरांची पेन्सिल मात्र थांबली होती. त्यांनी वहीतली तिची पानं पुन्हा वाचली. चार सक्के, चार पंजे, तीन चौके. तिच्या जोडातली सर्वांत हलकी अकरा पानं, बरोबर उतरत्या क्रमानं, आणि त्यांच्यावर गजाननरावांचे सगळे मोठे हत्ती-घोडे खर्ची पडलेले. मागे उरली ती तेराच्या तेरा पानं भारी होती. वीस वर्षं टिपणाऱ्या मास्तरांनी इतका नितळ डाव पाहिला नव्हता. त्यांच्या अंगावर काटा आला तो आधी कौतुकानंच.

मग वाटलं, पण हिनं पानं पाहिली कुठं? सगळ्या पाठी सारख्या. लाखही सारखीच गुळगुळीत.

बारावा हात तिचा. तेरावा तिचा.

तिनं तीन बेडकांचं पान टाकलं, आणि ते उचललं तेव्हा चादरीवर गोल ओला डाग राहिला. ओट्यावर ऊन होतं. तापी खाली, वीस पायऱ्यांवर. मास्तरांनी बोट लावून पाहिलं. गार होतं, आणि बोटाला गाळाचा वास आला.

कुठूनतरी बेडूक ओरडला. पौषात बेडूक ओरडत नाहीत.

"घाटाखाली असंल," दगा म्हणाला.

टाकलेल्या पानांच्या ढिगात कडेला सहा वटवाघळांचं पान दिसत होतं. ते पडताना मास्तरांनी पाहिलं होतं, तेव्हा वटवाघळं पंख मिटून उलटी लटकलेली. आता पंख उघडे होते. त्यांनी मोजली. सहाच होती. मोजणी बरोबर आली याचंच त्यांना बरं वाटलं.

विसावा हात तिचा. एकविसावा तिचा.

गजाननरावांनी हत्तीचं पान टाकायला उचललं आणि हात मध्येच थांबला.

"ह्या हत्तीचा पाय खाली होता," ते हळूच म्हणाले.

पान खाली आलं. हत्तीचा पुढचा पाय वर घेतलेला होता, जपून, जमिनीवर काहीतरी फिरत असल्यासारखा. भागाबाईनं दोन मुंग्या टाकल्या होत्या.

तेविसावा हात तिचा. अकरा-बारा.

गजाननरावांच्या हाती एकच पान उरलं होतं. राजा. सोन्याचा वर्ख, छत्र, सिंहासन. ते पान पाहतच राहिले. कानशिलावरून घाम उतरला.

"मास्तर, जरा बघा. ह्यांचं तोंड कुठं आहे?"

मास्तर वाकले. सिंहासनावर राजाची पाठ होती. शेल्याची घडी, मानेवर आलेले केस, मोत्यांच्या कंठ्याची गाठ.

"आधी कसं होतं?"

"चाळीस वर्षं मी ह्यांच्या डोळ्यांत बघून खेळलो."

भागाबाईनं शेवटचं पान ठेवलं.

एकटी मुंगी.

गजाननरावांनी रेशमी रुमाल सोडला, सतरा पानं मोजून तिच्यापुढे ठेवली आणि दोन्ही हात जोडले. "असा डाव मी दरबारात पाहिला नाही, बाई." त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. राजाचं पान मात्र त्यांनी जोडात न ठेवता चादरीवरच सोडलं आणि ते पायऱ्या उतरून गेले. भागाबाईनं तिथंच ज्याचं त्याला पान देऊन टाकलं. दगा शिंप्यानं आपलं घेताना तिला वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मास्तर तिच्या घरी गेले. रात्रभर त्यांनी वहीत तो डाव पुन्हा पुन्हा मांडला होता आणि त्यांना एकदा तो जोड नीट हातात घ्यायचा होता. भागाबाई अंगणात हरभरे निवडत बसली होती.

"तुम्ही न बघता कशा खेळलात, एवढं सांगा. मी मुलांना शिकवीन."

"मी कुठं खेळली, मास्तर? ज्याले जायचं होतं, त्याले जाऊ दिलं."

"मग जोड तरी दाखवा."

ती आत गेली आणि सागवानी डबा घेऊन आली. झाकण नुसतं वर ठेवलेलं होतं. मास्तर ते उचलायला गेले तर तिनं त्यांचं मनगट धरलं.

"आता उघडू नका. कालचे दमलेले हायेत. निजले."

तिनं डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा सूप ओढलं. मास्तर जरा हसले. मग त्यांनी तळहात झाकणावर ठेवला.

झाकण सावकाश वर येत होतं, खाली जात होतं. मास्तरांनी सवयीनं मोजायला सुरुवात केली. मोजता येईना. श्वास एकाचा नव्हता, आणि सगळे एका लयीत नव्हते.