मामाची जागा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्या मुलीच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण, चैताली. तिनं हे फक्त मला सांगितलंय, तेही सहा महिन्यांनी.

गेल्या वर्षीचा मे महिना. दुसरा शनिवार. गुहागरजवळ समुद्रावरचं एक रिसॉर्ट.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. सगळं उजेडात झालं. शंभर माणसांच्या देखत.

लग्न होतं चैतालीच्या जिवलग मैत्रिणीचं, आरोहीचं. आता सोलापूरच्या मुलीनं लग्नासाठी चारशे किलोमीटरवरचा समुद्र का गाठावा? सोलापुरात मंगल कार्यालयांना काय टाळं लागलं होतं? पण आरोही पुण्यात आयटीत. नवरा शिवराज, तोही आयटीत. तीन दिवसांचा सोहळा, वाळूत मांडव, मावळत्या सूर्यासमोर मंगलाष्टकं. फोटो असे यायला हवेत की बघणारे जळले पाहिजेत, एवढंच खरं कारण.

या फोटोंत एक माणूस बसत नव्हता.

कोंडीबामामा.

आरोहीची आई ती लहान असतानाच गेली. वडील श्रीपूरच्या साखर कारखान्यात नोकरीला. पोरीला सोलापुरात आणलं ते मामानं. भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत तिला दहावीपर्यंत सांभाळलं. स्वतः यंत्रमागावर कामाला. कापसाचं तूस छातीत जाऊन जाऊन खोकला कायमचा जडलेला. पण सायकलवर पुढं आरोही आणि मागं शेजारची चैताली, अशी दोघींची शाळेची वरात त्यानं कधी चुकवली नाही. मामाला स्वतःचं मूल नव्हतं. दोघी त्याच्याच पोरी.

साखरपुड्यात मामानं शिवराजच्या वडिलांच्या पाठीवर थाप मारली होती. "काय पावनं, जेवला का पोटभर?" असं भर हॉलमध्ये ओरडून विचारलं होतं. खांद्यावर टॉवेल, तोंडात तंबाखू. सासरची माणसं एकमेकांकडे बघून हसली.

आरोहीनं ते हसू पाहिलं. आणि तिथंच ठरवलं.

लग्नाच्या आठवडाभर आधी तिचा चैतालीला फोन आला.

"मामांना नाही बोलावलं तर ते रुसतील. बाबा चिडतील, गावभर होईल. बोलावलं तर येतील. मी काय करू सांग?"

"मग?"

"बोलवायचं. पण गाडी चुकवायची. आपली बस शुक्रवारी निघते ना? तू त्यांना शनिवार सांग. मग काय, चुकली गाडी. कुणाला दोष द्यायचा? तू सांगितलंस तर त्यांना शंका यायची नाही."

असले हिशेब आपल्याच लोकांना सुचतात. माणूस दुखावला तर चालतो, पण रुसायला जागा मिळायला नको.

चैताली नाही म्हणू शकली असती. म्हणाली नाही.

ती मामाच्या घरी जाऊन सांगून आली. शनिवारी सकाळी सहा वाजता, जुन्या पुणे नाक्यावर. अक्कलकोटचे पाहुणे घेऊन गाडी येईल, संध्याकाळच्या मुहूर्ताला पोहोचवेल. मामी, म्हणजे बजाबाई, गुडघ्यांमुळं जाणार नव्हत्या. त्यांनी तिला चहा केला. मामानं ट्रंकेतून पिवळी साडी काढून दाखवली. नवरीला पिवळी साडी मामाची असते.

"आणि मागं उबं कोण ऱ्हाणार?" मामा हसत म्हणाला. "मामा! आमची जागा ठरलेलीच हाय की."

चैतालीला चहा गिळवेना. तरी ती प्यायली.

ठरलं असं होतं की शनिवारी सकाळी दहा वाजता चैतालीनं मामाला फोन करायचा. म्हणायचं, गाडी पुढं निघून गेली मामा, ड्रायव्हरला तुम्ही दिसलाच नाहीत. मामानं चार शिव्या ड्रायव्हरला द्यायच्या आणि घरी जायचं. संपलं.

शनिवारी सकाळी सहालाच मामाचा फोन आला. चैताली समुद्राकडं तोंड करून झोपाळ्यावर बसली होती.

"पोरी, म्या नाक्यावर आलोय बरं का. गाडी कुटवर आली?"

"निघालीय मामा. तुम्ही तिथंच थांबा. हलू नका अजिबात."

साडेनऊला पुन्हा.

"ऊन लई चढलंय गं. पलीकडं लिंबाचं झाड हाय, तितं बसू का जरा?"

का कुणास ठाऊक, चैताली म्हणाली, "नको मामा. ड्रायव्हरला दिसणार नाही तुम्ही. रस्त्याच्या कडेलाच उभे राहा."

ती मला म्हणाली, "ताई, अर्ध्या तासाचाच प्रश्न होता गं. दहाला फोन करणारच होते."

दहा वाजता हळद सुरू झाली.

ढोल, पाण्याचे फवारे, नाच. फोन खोलीत राहिला.

चैताली विसरली.

एवढंच. काही वाईट मनात नव्हतं. ती चक्क विसरली.

एक वाजता खोलीत आली तेव्हा मामाचे पाच मिस्ड कॉल होते. शेवटचा बारा पन्नासचा. सोलापुरात त्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर होता. मग तिनं स्वतःलाच समजावलं, एवढ्यात गेले असतील घरी. कोण थांबतं सात तास?

तिनं फोन केला नाही.

साडेसहा वाजता ती साडी नेसत होती. खिडकी बंद, एसी सुरू.

फोन वाजला.

कोंडीबामामा.

तिला हायसं वाटलं. तिनं पटकन उचलला. "मामा! अहो, सॉरी, मी..."



मग...

खोकला. तोच, कोरडा.

"पोरी... आली बघ गाडी."

चैतालीला कळेना. "कुठली गाडी, मामा?"

"तू पाठिवलेली की."

मागं इंजिनाचा आवाज नव्हता. हॉर्न नाही, माणसं नाहीत. काहीच नाही.

"लई गार हाय आत. झोपाय जागा दिलीया. अंगावर पांढरी चादर बी घातलीया."

"मामा, तुम्ही कुठं आहात?"

"पोचतोच. मुहूर्त चुकवायचा न्हाय."

फोन बंद झाला.

तिनं उलटा लावला. लागला नाही. पुन्हा लावला... स्विच ऑफ.

एवढ्यात बाहेरून हाका सुरू झाल्या. नवरी निघाली होती.

मांडव पाण्यापासून पन्नास पावलांवर. चारी बाजूंनी उघडा. सूर्य खाली आलेला, समुद्रावरून गार वारा. अंतरपाट धरला गेला. एका बाजूला शिवराज. दुसऱ्या बाजूला आरोही, फिकट गुलाबी घागऱ्यात. तिच्या मागं मामाच्या जागी तिच्या वडिलांचे कारखान्यातले मित्र, कुमार काका. आरोहीनं वडिलांना सांगून ठेवलं होतं की मामांची गाडी चुकली, आता कुणीतरी उभं राहायला हवं.

मंगलाष्टकं सुरू झाली.

दुसऱ्या कडव्याला कुमार काका दोन पावलं बाजूला सरकले.

चैताली करवली म्हणून कलश घेऊन जवळच उभी होती. तिनं खुणेनं विचारलं, काय झालं?

काका वाकून तिच्या कानात म्हणाले, "अगं, मामा आले की तिचे. मला म्हणाले, सरका जरा पावनं, हितं मामा उबा ऱ्हातो."



तिनं मान वळवायला किती वेळ लावला, तिलाच माहीत नाही.

आरोहीच्या मागं...

पांढरा सदरा. टोपी. खांद्यावर टॉवेल.

मामा उभा होता.

ओठ फुटून पांढरे पडलेले. त्या गार वाऱ्यात घामानं निथळत होता. सदरा पाठीला चिकटलेला. डोळे समोर, अंतरपाटाकडं. दोन्ही हात आरोहीच्या खांद्यांच्या थोडे वर धरलेले. टेकवलेले नव्हते.

चैतालीला आधी वाटलं, खरंच आले. कुणाची तरी गाडी धरून आले. तिला रडूच आलं, आनंदानं.

मग तिची नजर खाली गेली.

सूर्य समुद्राला टेकला होता. सगळ्यांच्या सावल्या वाळूवर लांबच लांब पडल्या होत्या. आरोहीची, भटजींची, कुमार काकांची, मांडवाच्या खांबांची.

मामाची सावली...

त्याच्या पायाशी होती. एवढीशी. पावलांभोवती गोळा झालेली.

भर दुपारी एक वाजता पडते तशी.

"सावधान!"

अंतरपाट खाली आला. अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली, माणसं पुढं धावली. कुणीतरी चैतालीला धक्का देऊन गेलं. तिनं सावरून पाहिलं तेव्हा आरोहीच्या मागं कुणी नव्हतं.

कुमार काका बाजूला उभे राहून अक्षता टाकत होते. "कुठं गेले गं मामा? आत्ता तर होते," ते म्हणाले.

आरोही हार सावरत तिच्या कानाशी आली. हसतच होती, कॅमेरा समोर होता. "पाठीला नुसता चटका बसत होता गं. कुणी दिवा ठेवला होता का मागं?"

तिच्या गळ्यातल्या हाराची फुलं पुढून टवटवीत होती. मागची सगळी करपली होती.

चैताली खोलीत पळाली. फोनवर बजाबाईंचे चौदा कॉल.

तिनं लावला. शेजारच्या मुक्ताबाईंनी उचलला.

मामा दीड वाजता नाक्यावर कोसळला होता. ऊन लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. साडेसहा वाजता शववाहिकेतून घरी आणला.

चैताली तशीच आरोहीकडं गेली. तिला कोपऱ्यात ओढून सांगितलं. आरोहीचा चेहरा पांढरा पडला. मग तिनं डोळ्यांखाली काजळ पसरलंय का ते आरशात पाहिलं.

"उद्या बोलू. बाबांना आज सांगू नकोस. फोटो राहिलेत अजून."

मी चैतालीला विचारलं होतं, तू काय केलंस मग? ती म्हणाली, "फोटोत उभी राहिले."

दहाव्या दिवशी ती भवानी पेठेत गेली. आरोही आली नव्हती, ती हनिमूनला बालीला होती. चैतालीनं मनाशी ठरवलं होतं, आज मामींच्या पाया पडायचं आणि सगळं खरं सांगायचं. मारलं तरी चालेल.

बजाबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. आतल्या खोलीत मामाची रिकामी बाज.

"ये पोरी," त्या म्हणाल्या. "बरं केलंस. तुझ्यावर लई जीव त्यांचा."

चैतालीनं तोंड उघडलं. पण बजाबाईच बोलत होत्या.

"चहावाला सांगत होता. तो म्हनला, मावशी, म्या तीनदा सावलीत बोलिवलं. पानी दिलं. पण ह्यो बाबा हलंना. म्हनायचा, पोरीनं फोनवर सांगितलंय, हितंच उबं ऱ्हा म्हणून. हललो तर गाडी चुकंल."



"आरोहीला फोन लावला म्या. ती म्हनती, मी न्हाय सांगितलं." बजाबाईंनी डोळे वर केले. कोरडे होते. "मग कोण पोरगी असंल गं ती? तुला म्हाईत हाय?"

हीच वेळ होती. एका शब्दाचं काम होतं.

"नाही मामी," चैताली म्हणाली. "मला नाही माहीत."

बजाबाईंनी मान वळवली. आतल्या रिकाम्या बाजेकडं.

"ऐकलं का वो?" त्या अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "हिला बी म्हाईत न्हाय म्हनती."

आतून काहीच आवाज आला नाही.

पण बजाबाई ऐकत होत्या. मधेच मान डोलावत होत्या. बराच वेळ.

चैताली चप्पल हातात घेऊन पळाली.

त्यानंतर ती त्या गल्लीत गेलेली नाही. आरोहीनं तिला ब्लॉक केलंय. ती माझ्याकडं हे बोलली तेव्हा दिवस होता, घरात माणसं होती, तरी ती दाराकडं पाठ करून बसायला तयार नव्हती. मी म्हटलं, जा आणि सांगून टाक एकदाचं. मामी माफ करतील.

तिनं फक्त मान हलवली आणि फोन पुढं केला.

मामींचे निरोप होते. मुक्ताबाईंचा नातू त्यांना व्हॉट्सॲपवर आवाज भरून देतो. दर शनिवारी एक. शब्द तेच.

"पोरी, येऊन जा की एकदा. माझं काय न्हाय गं. ह्यांना तुला एक इचारायचंय."