गव्हातली पिवळी रेघ

"ती रेघ बघ. कुणीतरी पट्टी ठेवून आखल्यासारखी दिसतेय," पीचच्या झाडावर चढलेली रुईशुए म्हणाली.

खाली उभ्या असलेल्या शिताओने, तिच्या धाकट्या भावाने, टाचा उंच केल्या. "मला नुसता गहू दिसतोय."

"बुटक्या, म्हणून तर वर ये म्हणतेय."

मे महिन्याच्या सुट्टीत दोघं चीनमधल्या आन्यांग शहराजवळ, आजोबांच्या गावी आली होती. हिवाळ्यापासून पावसाचा थेंब नव्हता. तरी शेतातला गहू अजून तग धरून होता. फक्त मधला एक पट्टा पार वाळला होता. तो नाकासमोर सरळ जाऊन बांधापाशी काटकोनात वळत होता.

"तिथे खाली काहीतरी टणक असणार. मुळं आत जात नाहीत," त्यांची मामेबहीण मेइझू म्हणाली. ती गावातच राहायची आणि आजोबांच्या बकऱ्या चारायची. "आणि नवा कालवा नेमका तिथूनच चाललाय. खोदायच्या यंत्राचा आवाज ऐकू येतोय ना?"

तिघं धावत सुटली. पोचेपर्यंत यंत्राने पट्ट्याच्या कडेचा पहिला लचका तोडला होता. इतर ठिकाणची माती भुसभुशीत होती. इथली मात्र थरावर थर ठोकून बसवलेली, पोळ्यांच्या चळतीसारखी निघत होती.

उपसलेल्या ढिगातून शिताओने कासवाच्या कवचाचा तुकडा उचलला. रुईशुएने त्यावरची माती फुंकली. आत बारीक भेगा होत्या आणि त्यांच्या शेजारी कोरलेली चिन्हं. एक आडवी रेघ, तिच्याखाली लोंबणारे थेंब.

तिच्या अंगावर काटा आला. शाळेत ती 'पाऊस' या शब्दाचं चिनी चिन्ह लिहायची, ते जवळजवळ असंच.

"छुई काका, थांबा," ती ठेकेदाराकडे धावली. "यावर लिहिलंय."

छुईने तुकड्याकडे ओझरतं पाहिलं. "कासव आहे. कुणीतरी सूप करून प्यायलं असेल. खाली जुनं काही आहे का याची तपासणी झालीय, काही नाही इथे. आणि काम थांबलं तर पाणी कुठून येणार? आजोबांच्या गव्हाला सांगशील का, जरा थांब म्हणून?"

ते तिला लागलं. आजोबा रोज सकाळी उठून आधी आभाळाकडे बघत, हे तिने पाहिलं होतं. पण पाणी दोन दिवस उशिरा आलं तरी चालेल. हे एकदा फुटलं तर फुटलंच. तिने मेइझूच्या मोबाइलवर फोटो काढला आणि फान बाईंना पाठवला. फान बाई पुरातत्त्व खात्यातल्या, मेइझूच्या शाळेत येऊन मातीचे थर शिकवून गेलेल्या. लगेच उत्तर आलं: 'निघाले. काम थांबवायला सांगा.'

"मला कुठे दिसत नाहीत बाई," छुई म्हणाला. "दिसल्या की थांबवतो. चालव रे यंत्र."

रुईशुएने मेइझूकडे पाहिलं. मेइझू गोठ्याकडे पळाली आणि शेंगांच्या टरफलांचं पोतं पाठीवर घेऊन आली. मागोमाग बकऱ्या होत्याच. मुलं पाहून यंत्रावरून उतरलेला चालक अजून परत वर चढला नव्हता. तिघांनी पोतं यंत्राने खणलेल्या चरात रिकामं केलं आणि सगळा कळप धडाधड खाली उतरला.

"हाकला त्यांना," छुई ओरडला.

"हाकलतेच आहे, काका. पण ही काळी बहिरी आहे," मेइझू म्हणाली.

"आणि ती पांढरी?"

"ती काळीचं ऐकते."

चालकाने हसू दाबलं आणि थर्मासमधून चहा ओतून घेतला. बकऱ्या निवांत खात राहिल्या. टरफलं संपत आली तेव्हा रस्त्यावर धूळ उडाली आणि गाडीतून फान बाई उतरल्या. आजोबाही काठी टेकत आले होते.

बाईंनी ते थर बोटांनी चाचपले. "भिंत आहे. माती ओतायची, ठोकायची, पुन्हा ओतायची. शांग राजांच्या काळातली असावी, तीन हजार वर्षांपूर्वीची. छुईसाहेब, तपासणी शेतात उतरून केली होती?"

छुई बुटांकडे बघू लागला. "रस्त्याच्या कडेने केली होती."

"पण बाई, मग गावाचं पाणी?" रुईशुएने घाबरत विचारलं.

"कालवा माझ्या पीचच्या बागेतून वळवा," आजोबा म्हणाले.

"आजोबा, तुमची झाडं जातील," मेइझू म्हणाली.

"कडेची चार जातील. पलीकडे नवी लावू."

फान बाईंनी कवच उन्हात धरलं. "राजाला काही विचारायचं असलं की पुरोहित असं कवच तापवायचे आणि पडलेल्या भेगांवरून पूर्वजांचं उत्तर ओळखायचे. इथे प्रश्न आहे, पाऊस पडेल का?"

"मग पडला?" शिताओने विचारलं.

"उत्तराचा भाग तुटलाय."

आजोबांनी वाकून ते चिन्ह पाहिलं. "पडला असणार. नाहीतर त्यांच्यानंतर इथे कुणी राहिलं असतं का?" मग त्यांनी रुईशुएच्या डोक्यावर हात ठेवला. "माझं सगळं आयुष्य या शेतात गेलं, पोरी. पण पायाखाली काय आहे ते तुम्ही दाखवलंत."

फान बाईंनी कवच कापसात गुंडाळलं. "उरलेला तुकडा याच ढिगात असेल. उद्यापासून माती चाळायला मला तीन माणसं लागतील. सकाळी लवकर याल?"

"आत्ताच सुरू केलं तर?" रुईशुए म्हणाली आणि बाह्या सरसावून ढिगापाशी बसलीसुद्धा.