हिरव्या पट्ट्यावरची गाडी

सासूबाईंचा चष्मा दुरुस्तीला दिला होता, तो आणायला माझा साडू दुकानातून निघाला. काम एवढंच. आता मध्ये कुणी बोलू नका रे पोरांनो. ही ऐकीव गोष्ट नाही, त्या रात्री तो माझ्याच घरी आला होता.

साडूचं मोटार वायंडिंगचं दुकान. माणूस तापट. गाडीत बसला की हॉर्नवरचा हात निघायचा नाही, म्हणून आम्ही त्याला भोंगाच म्हणायचो. दुकानासमोर रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी हिरवा पट्टा रंगवला, तेव्हापासून तर त्याचं डोकंच फिरलं. "टॅक्स आम्ही भरायचा आणि रस्ता या फुकट्यांना," म्हणायचा, आणि मुद्दाम पट्ट्यावरच गाडी लावायचा.

पलीकडच्या रक्त तपासणीच्या लॅबमधली एक मुलगी रोज तिथून सायकलने घरी जायची. गाडीमागे थांबून घंटी वाजवायची.

"काका, गाडी पुढे घ्या ना."

"बाजूने जा."

एकदा तिने गाडीचा फोटो काढला, तर या बहाद्दराने तिच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली. मग डिसेंबरात एका संध्याकाळी ती गाडीला वळसा घालून रस्त्यावर आली आणि मागून ट्रक आला. जागच्या जागी गेली पोर. लोक याच्याकडे बघायला लागले, तर हा म्हणतो, "मी काय केलं? मी तर दुकानात होतो." आणि गाडी तिथेच लावत राहिला.

फेब्रुवारीची अकरा तारीख, बुधवार. सात चाळीसला याने शटर ओढलं, गाडीत बसला, किल्ली लावली. मागे घंटी वाजली.

काच खाली करून हा सवयीने ओरडला, "बाजूने जा."

आरशात पाहिलं. पट्टा रिकामा.

परत घंटी. आता डिकीला लागून.

"कोण आहे?"

काच वर केली. दारं लॉक केली. किल्ली फिरवायला हात उठेना.

घंटी वाजली. मागच्या सीटवर.

वळून बघायची छाती झाली नाही. मानेवर श्वास लागला. चढ चढून आल्यासारखा, धापा टाकणारा.

"बाजूनेच गेले होते, काका..."

याने डोळे घट्ट मिटले.

"आज सरळ जाते."

पाठीत काहीतरी गार शिरलं. छातीतून निघालं. मग घंटी पुढे. लांब. आणखी लांब...

गाडी तशीच टाकून तो चालत आमच्याकडे आला. फुटपाथवरूनच, तोही भिंतीला घासत. दारात उभा, दुकानाची बॅग गळ्याशी कवटाळून. पाणी पाजलं, स्टुलावर बसवलं, तेव्हा कुठे तुटक तुटक हे सगळं सांगितलं. मला खरं वाटेना. म्हटलं, मनाला लागलं असेल, बरंच झालं.

तेवढ्यात माझी बायको त्याच्या मागून म्हणाली, "भावजी, शर्टाला काय लागलंय?"

दिव्याखाली नेऊन पाहिलं. पाठीवर, कंबरेपासून कॉलरपर्यंत, दोन बोटं रुंद, ओल्या चिखलाची टायरची नक्षी. महिनाभर पाऊस नव्हता. पाठ तर सीटला टेकलेली...

मी त्याला वळवलं, बॅग बाजूला केली.

तीच नक्षी पुढेही होती. गळ्यापासून पोटापर्यंत उतरलेली.