शेवटच्या पिंपाचं कडं

लाकडी हौदात गुडघाभर द्राक्षांत उभी राहून ती द्राक्षं तुडवत होती, तेव्हा दारातून कोणीतरी म्हणालं, "माफ करा... पण तुमचं पिंप गळतंय."

तिने मान वर केली. दारात एक तरुण उभा होता. खांद्यावर पिशवी, पिशवीतून डोकावणारा हातोड्याचा दांडा, आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं हसू. बाहेर रस्त्यावर बस पंक्चर होऊन थांबली होती आणि तो प्यायला पाणी मागायला आला होता.

"गळू दे. मुद्दाम पाणी भरून ठेवलंय," ती म्हणाली. "लाकूड फुगलं की फटी बुजतात."

"फटी बुजतील. पण एक फळी तडकलीय, ती कशी बुजेल? ऐका ना – टप... टप..."

तिला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. ही तिची पहिलीच वाईन. स्टीलच्या टाक्यांच्या जमान्यात ही पोरगी पायाने द्राक्षं तुडवणार, विकतचं यीस्ट घालणार नाही आणि रेड वाईन लाकडात मुरवत ठेवणार, म्हणून सगळ्या नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं होतं. बंद पडलेल्या एका वाईनरीतून मोठ्या हौसेने आणलेली जुनी पिंपं निम्मी चाळणी निघाली होती.

"तुम्ही पिंपं दुरुस्त करता?"

"करतो. बनवतोही. बंदरावरच्या मोठ्या वाईनरीत नोकरी लागलीय, तिकडेच निघालोय."

"लगेच हजर व्हायचंय?"

त्याची नजर तिच्या जांभळ्या पायांवर गेली आणि घाईघाईने छताकडे वळली. "लगेच... असं काही नाही."

बस गेली. तो राहिला. तिच्या बाबांनी अवजारांच्या खोलीत त्याला खाट टाकून दिली आणि पहिल्याच जेवणाला विचारून घेतलं, किती दिवस राहणार म्हणून.

"काम संपेपर्यंत, काका. काम संपलं की मी कुठेच रेंगाळत नाही."

तिने तेव्हा नुसती मान डोलावली होती. पण मग हौद आंबू लागला. द्राक्षांच्या साली फुगून वर यायच्या, ती लांब दांड्याने त्या खाली दाबायची, आणि पलीकडे त्याची ठोक-ठोक चालू असायची. तो पिंपाला कान लावून टिचक्या मारायचा, ती वाकून हौदाचा वास घ्यायची. दोघंही आपापल्या परीने वेडे, हे दोघांच्याही लवकरच लक्षात आलं.

"तू त्या हौदाशी बोलतेस?" एकदा त्याने विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कुणालाच कळलं नव्हतं.

"बोलते. तो उलट उत्तरं देत नाही."

त्याने हौदाच्या फळ्यांना कान लावला. आतून बुडबुड्यांचा बारीक आवाज येत होता. "देतोय की. म्हणतोय, बाईसाहेबांनी सकाळपासून चहा घेतलेला नाही." आणि खरंच चहा करून घेऊन आला. इतका गोड, की तिला दोन घोट घेऊन कप खाली ठेवावा लागला. तरी नंतर तिने तो संपवला.

वाईन एकदाची तयार होऊ दे म्हणून जीव टाकणारी ती, हौद जरा सावकाश आंबला तर बरं, असं मनात म्हणू लागली. हौदाने काही ऐकलं नाही. बुडबुडे थांबले. उद्या पिंपं भरायची. शेवटचं पिंप त्याच्या हातून सुटत नव्हतं, पण त्या सकाळी तेही उरकलं आणि त्याने पिशवी भरायला घेतली.

तो हात धुवायला गेला तेवढ्यात तिने हातोडा उचलला आणि कुठल्याही वाईनवाल्याने स्वप्नातही केलं नसतं ते केलं. फळ्या आवळून धरणारं पिंपाचं लोखंडी कडं वर ठोकून सैल केलं. मग पाणी ओतलं. फळ्यांमधून धारा लागल्या.

"अगं बाई... हे तर गळतंय," तो आल्यावर ती म्हणाली.

तो उकिडवा बसला. कड्यावरून बोट फिरवलं. "ताजी खूण आहे. खालून वर ठोकलंय कुणीतरी."

"लाकूडच तसलं असेल."

"कडं आपणहून पोटावरून तोंडाकडे सरकत नाही. उद्या यात तुझी पहिली वाईन जाणार आहे ना?"

त्याने हातोड्याचे चार घाव घातले, कडं जागेवर बसलं, धारा थांबल्या. झालं. संपलं काम.

"कामासाठी थांबवलंस तर काम संपल्यावर मला जावंच लागेल," तो हळूच म्हणाला. "दुसरं काही कारण असेल... तर सांग."

"तू मला आवडतोस," ती म्हणाली. तिने त्याच्यावरून नजर हटवली नाही. "खूप. तू गेलास तर वाईन चांगलीच होईल, पण मला ती प्यावीशी वाटणार नाही. थांब ना."

तो कानापर्यंत लाल झाला. "मग मलाही सांगून टाकू दे... हे पिंप केव्हाच झालं होतं. तेव्हापासून मी ते नुसतं बाहेरून घासतोय."

ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. जिन्यावरून बाबांचा आवाज आला, "ते घासणं तेवढं बंद कर रे बाबा, फळ्या उरू देत. आणि त्या बंदरवाल्यांना कळव आधी, वाट बघत असतील."

त्याने खिशातून फोन काढला. पण दुसऱ्या हातात तिचा हात होता आणि तो काही केल्या सोडायला तयार नव्हता, म्हणून नंबर तिनेच लावून दिला.