मेधाचा कोरा रकाना

पद्माकरकाकांनी हीटर जवळ ओढला. "हसायचं नाही हां. निनाद आमच्या पॉइंट कुकच्या घरी मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. त्याने सांगितलं तसंच सांगतो."

२१ जून २०१८, गुरुवार. इकडे दक्षिण गोलार्धात वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. निनाद युनीच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, लॅबमध्ये भाजलेल्या जखमेवर लावायची जाळी बनवत होता. सिरिंजमध्ये पॉलिमरचं द्रावण, सुईला वीस हजार व्होल्ट. टोकातून केसाहून कितीतरी बारीक धागा उडायचा आणि समोरच्या फिरत्या ड्रमवर बसायचा. सकाळी नऊला जाळी दिली नाही, तर गाइडबाई मुदतवाढीचं पत्र देणार नव्हत्या. व्हिसाला उरले होते दहा दिवस.

रात्री लॅबमध्ये एकट्याने थांबायचं नाही, असा नियम. जोडीदार अजितला ऐनवेळी शिफ्ट लागली. गरजवंताला अक्कल नसते, बाबांनो. निनादने आत-बाहेरच्या वेळा लिहायचं रजिस्टर चाळलं, तीन वर्षांपूर्वीच्या पानावरचं एक मराठी नाव उचललं आणि जोडीदार म्हणून लिहून टाकलं. मेधा.

अडीचला धागा वळला. ड्रम सोडून दाराकडे. त्याने व्होल्टेज बंद केलं. धागा येतच राहिला... दारापाशी, खांद्याच्या उंचीवर, हवेतच गुंडाळत गेला.

अंग चोरून त्याने दार उघडायचं कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लाल. दुसरं दार नाही. खिडकी नाही.

त्याने सिक्युरिटीला फोन लावला. कॅमेऱ्यात बघून तिथला हिंदी बोलणारा गार्ड म्हणाला, "भाई, दरवाज़े से सटके जो मैडम खड़ी हैं, उनको हटने को बोल ना."

निनादला दाराशी फक्त तो धागा दिसत होता.

"काका, इज धिस ट्रू?" ऐकत बसलेल्या छोट्या विहानने विचारलं.

"ऐक रे आधी."

तासभर तो कोपऱ्यात बसून होता. मग ते जुनं पान पुन्हा उघडलं. मेधा. आत, रात्री नऊ. बाहेर... कोरं. त्या रात्री ती एकटीच थांबली होती आणि सकाळी तिला मेलेल्या अवस्थेत उचलून न्यावं लागलं, हे अजितने नंतर सांगितलं. पण निनादला ते तेव्हाच उमगलं. तिच्या नावापुढे त्याने इंग्रजीत लिहिलं, बाहेर, ३:४०.

"जा बाई," तो म्हणाला. "चुकलं माझं."

हिरवा दिवा.

जाळी, बॅग, सगळं टाकून तो पळाला. पत्र मिळालं नाही. पोरगा पुण्याला परत गेला, फार वाईट वाटलं मला.

"पळताना स्वतःची वेळ लिहायची मात्र राहिली," काका म्हणाले. "सकाळी अजितने त्या रात्रीच्या पानाचा फोटो काढला. बघा."

त्यांनी मोबाइल पुढे केला. सगळं पान इंग्रजीत. फक्त निनादच्या नावापुढे, बाईमाणसाच्या सुबक मराठी अक्षरात लिहिलं होतं: बाहेर, ३:४१.