साडेपाचचा ढग

“साहेब, माझ्या भावानं खून केला न्हाय. ईज पडली!”

वैजयंती बसायलाही तयार नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी, मेच्या मध्यावर, मंगळवेढ्याच्या रानात दुपारी बारा वाजता शेजारचा शेतकरी भीमा मेला. बांधावरून त्याच्याशी भांडलेला तिचा भाऊ युवराज तेवढा जवळ होता. मृत्यू विजेनं की मारानं, डॉक्टर ठाम सांगेनात. त्यात उपग्रहानं टिपलेला वादळी ढग ऑनलाइन संग्रहात संध्याकाळी साडेपाचचा म्हणून नोंदलेला. युवराज कोठडीत होता आणि बाराला वीज नव्हतीच म्हणून पोलीस उद्या कोर्टात हेच चित्र दाखवणार होते.

“गावानं गडगडाट ऐकला असेल की,” गुप्तहेर अवधूत म्हणाला.

“ऐकला. पन समदी आमची भाऊबंदच. कोन इश्वास ठेवतंय? साहेब, मी त्याच संग्रहात कामाला हाय. कुनीतरी येळ बदललीया.”

संग्रहाचं ऑफिस होटगी रोडला. तिथं चित्रं उतरवून घेणारा राजस भेटला. अवधूतचा सोबती सिद्धाप्पा याला पहिला भेटेल तोच चोर वाटतो, त्यामुळे तो लगेच डोळे वटारून उभा राहिला.

“मी उपग्रहाची वेळ लिहितो,” राजस म्हणाला. “ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असते. ते तास रोज वैजयंतीताई मिळवतात. त्या दिवशी भावाला धरलं म्हणून ताई गावी पळाल्या. म्हटलं, आल्यावर त्यांना ताप नको. मीच मिळवले.”

“मूळ फाइल?”

“पंधरा दिवसांनी आपोआप पुसली जाते.”

अवधूतनं पडद्यावरचा ढग निरखला. “सिद्धाप्पा, याची सावली कुठं आहे?”

“कुटंच न्हाय की!”

अवधूतनं वैजयंतीला बोलावलं.

“मेच्या मध्यावर इथं भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. साडेपाचला एवढ्या उंच ढगाची सावली पूर्वेला लांबवर पडली असती. म्हणजे चित्र बाराचंच. राजसनं बरोबर बारा लिहिले. त्यावर कुणीतरी पुन्हा साडेपाच तास चढवले. ताई, गावाहून आल्यावर राहिलेलं काम तुम्हीच उरकलंत ना?”

वैजयंतीचा चेहरा उतरला. “व्हय. रोजच्यासारकं. डोळ्यांम्होरं युवराजच हुता वो, काय लिवलंय ते बघितलंच न्हाय.”

“मग दुरुस्त करा की आत्ता!” सिद्धाप्पा आनंदानं ओरडला.

“आरोपीच्या बहिणीनं? सुनावणीच्या आदल्या दिवशी?” अवधूत चिडला, पण कुणावर ते त्यालाही कळेना. “भावासाठी नोंद फिरवली म्हणतील. राजस तिचा सहकारी, त्याचंही खोटं ठरवतील. आणि सावली वाचणारा तज्ज्ञ एका रात्रीत कुठून आणू?”

वैजयंतीनं घड्याळाकडे पाहिलं.

“चारला भेटायला सोडत्यात. त्यो पैलं हेच इचारंल, ताई, कुनी केलं? काय सांगू त्याला?”

गुन्हेगाराचं नाव सांगताना अवधूत आजवर कधी अडखळला नव्हता. आज तो खाली मान घालून उभा राहिला.